मोठा आवाज की बारीक आवाज? एक पट्टी पुरते

‘आवाज चढव’ म्हटलं की मुलं नुसती ओरडतात. मोठा (जोराचा) आवाज आणि बारीक (उंच सुराचा) आवाज त्यांना एकच वाटतो. अशा वेळी ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्या.

१. पट्टी बाकावर ठेवून १२ सेंटिमीटर बाहेर काढा. अगदी कडेपाशी घट्ट दाबा, नाहीतर नुसती खडखड ऐकू येते.
२. टोक हलकेच छेडा, मग जोरात. आवाज मोठा होतो, पण जाडच राहतो. इथे घाई नको; प्रत्येकाला करू द्या.
३. आता ६ सेंटिमीटरच बाहेर ठेवा. ‘घर्रर्र’चं ‘टिंग’ होतं.

गंमत म्हणून २० सेंटिमीटर काढून बघा: पट्टी डुलताना दिसते, आवाज जवळजवळ नाहीच.

तोंड पट्टीजवळ नेऊ देऊ नका. आणि तडा गेलेली प्लॅस्टिकची पट्टी नकोच, तुकडा डोळ्यात उडतो.