आबांच्या पिकअपचा सडका पत्रा

२० वर्षं गुळाचे रवे मार्केट यार्डात पोचवणारी आबांची पिकअप विकायला मन होईना. रंग वरून बरा होता, पण डाव्या दाराच्या खालच्या कडेला फोड आलेले. स्क्रूड्रायव्हर टोचला तर थेट आत! लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, पापुद्रा उचकटला, तर मागे वर्तमानपत्राचा बोळा. आधीच्या कुणीतरी भोक असं बुजवलेलं. दाराखालची पाणी निचरायची भोकंही चिखलानं बंद होती, म्हणजे पावसाचं पाणी आतच साचत होतं. गंजाचं खरं मूळ तेच.

सडलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत ग्राइंडरनं कापला. उद्यमनगरातून २० गेज जाडीचा पत्रा आणला, पुठ्ठ्याचा साचा करून तुकडा बेतला. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली. पहिल्यांदा सलग वेल्डिंग मारायला गेलो आणि पत्रा पापडासारखा वाकला. मिस्त्री हसले, "आरं, टाके मार की! एक हितं, एक तिथं. मधी गार होऊ दे." तुकडा परत बेतावा लागला.

हौद्याच्या फळीचा पोचा मात्र सोपा. मागून डॉली (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) धरायची, पुढून हातोडीनं हलके ठोके, कडेकडून मध्याकडं.

मग एपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारं अस्तर, त्यावर लांबी, तीही २-३ मिलिमीटरच्या आत. जाड थर तडकतो. ८० नंबरच्या पेपरनं घासाई सुरू केली, शेवट ४०० वर. दाराच्या आत मेण फवारलं, भोकं मोकळी ठेवली. रंगाची छटा किंचित वेगळी आलीय, आबांना अजून कळलेली नाही.