डॉक्टरी कागदावरचे लांबलचक इंग्रजी शब्द कसे फोडावेत

डेंग्यूच्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर ‘थ्रॉम्बोसायटोपेनिया’ असा शब्द दिसतो आणि घरातली चांगली शिकलेली माणसंही तो न वाचताच कागद फाइलमध्ये सारतात. खरं तर प्लेटलेट कमी झाल्या आहेत हे घरात सगळ्यांना कळलेलं असतं, आणि तो शब्दही तेवढंच सांगतो. असे शब्द पाठ करू नयेत, फोडावेत. त्यातले बहुतेक ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात आणि तेच तुकडे जागोजागी पुन्हा भेटतात.

पहिली पायरी: वाचायला शेवटापासून सुरुवात करा. शाळेत तत्पुरुष समासाचा विग्रह आपण सगळ्यांनी केलेला आहे. राजवाडा म्हणजे वाडा. राजा त्याचं फक्त वर्णन करतो. डॉक्टरी शब्दांतही मुख्य गोष्ट शेवटच्या तुकड्यात असते आणि ती कुठली, कशाची, हे आधीचे तुकडे सांगतात.

शेवटी आय-टी-आय-एस ही अक्षरं आली, उच्चार आयटिस, तर दाह समजावा. अपेंडिसायटिस, टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, सगळीकडे तेच. ओ-एस-आय-एस म्हणजे ओसिस आला तर एखादी अवस्था, बहुधा बिघाडाची. मान दुखू लागली की आपल्याकडे सर्रास ‘स्पाँडिलायटिस झालाय’ म्हणतात. रिपोर्टवर मात्र बऱ्याचदा स्पाँडिलोसिस असतो, म्हणजे मणक्यांची झीज. दाह आणि झीज यांत फरक आहे, म्हणून शेवटची अक्षरं नीट पाहावीत.

ऑपरेशनच्या शब्दांपाशी तर आणखी थांबावं, कारण संमतीपत्रावर सही आपण करतो. टॉमी म्हणजे छेद. त्याआधी ई-सी, म्हणजे ‘एक्’ लागला की छेद घेऊन बाहेर काढणं. म्हणून ई-सी-टी-ओ-एम-वाय अशी अक्षरं शेवटी असतील तर शरीरातला एखादा भाग काढला जाणार आहे: टॉन्सिलेक्टमीत टॉन्सिल, हिस्टरेक्टमीत गर्भाशय. लॅपरोटमीत पोट उघडण्यासाठी छेद घेतात. काही काढायचं की नाही, हे तो शब्द सांगत नाही. आणि टॉमीच्या आधी एस आला, म्हणजे ऑस्टमी झाली, तर त्यात स्टोमा आहे, म्हणजे तोंड. कोलोस्टमीत मोठ्या आतड्याला पोटावर नवं तोंड करून देतात. एका अक्षराने केवढा फरक पडतो! कागदावर यांपैकी काय लिहिलंय हे पाहून मगच डॉक्टरांना पुढचं विचारावं.

बाकीचे शेवट भराभर लक्षात राहतात. एमिया म्हणजे रक्तातली स्थिती, अल्जिया म्हणजे दुखणं, मेगॅली म्हणजे अवयव मोठा होणं, पेनिया म्हणजे कमतरता. युरिया म्हणजे लघवीत काहीतरी सापडणं. प्रोटीन्युरियात प्रोटीन, हिमॅच्युरियात रक्त. मात्र याच्या शेवटी आय-ए असतं. ‘ब्लड युरिया’तला युरिया ई-ए वर संपतो. तो वेगळा पदार्थ, खताच्या गोणीतलाही तोच.

दुसरी पायरी: आता शब्दाच्या सुरुवातीला या. इथे सगळ्यात घातक जोडी हायपर आणि हायपो. हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर जास्त, हायपोग्लायसेमिया म्हणजे कमी. दोन्हींवरचे उपाय उलटे. गोंधळ होऊ नये म्हणून संस्कृतची मदत घ्या. ग्रीक हायपर आणि संस्कृत उपरि ही सख्खी भावंडं आहेत, दोघांचा अर्थ वर. हायपो हा आपल्या ‘उप’चा भाऊ, म्हणजे खालचा, कमी. नकाराचंही तसंच. अज्ञानात अ आणि अनावश्यकात अन्, हा आपला नियम ग्रीकमध्येही आहे. म्हणून अ‍ॅनिमिया म्हणजे रक्त ‘नसणं’, व्यवहारात रक्त कमी असणं.

तिसरी पायरी: मधला अवयव ओळखा. हेपॅटो म्हणजे यकृत, आणि हे दोन्ही शब्दही मुळात एकच आहेत, इतके दूर गेले तरी. कार्डिओ हृदय, नेफ्रो मूत्रपिंड, आर्थ्रो सांधा, रायनो नाक. नाकावर शिंग असलेला म्हणून गेंडा रायनोसेरॉस, आणि नाकाची प्लास्टिक सर्जरी ती रायनोप्लास्टी. एकाच अवयवाला कधी दोन नावं असतात: मूत्रपिंडाचं ग्रीक नाव नेफ्रो, तर लॅटिनवरून आलेलं रीनल. मधे येणारा ‘ओ’ बहुतेक वेळा नुसता सांधा जोडतो, त्याला अर्थ नसतो.

आता जोडून पाहा. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे काढणं. कोलेसिस्टेक्टमी म्हणजे पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन. थ्रॉम्बो गुठळी, सायटो पेशी, पेनिया कमतरता: रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या, एवढंच.

एक सावधगिरी बाळगावी. अक्षरं सारखी असली म्हणजे मूळ एक असतंच असं नाही. पेडेस्ट्रियनमधला पेड लॅटिन आहे, अर्थ पाय. पेडिअ‍ॅट्रिक्समधला ग्रीक आहे, अर्थ मूल. हाडांच्या डॉक्टरांच्या ऑर्थोपेडिक्समध्ये पाय असावा असं वाटतं, पण तिथेही मूलच आहे: फ्रेंच वैद्य निकोला आंद्री यांनी १७४१ मध्ये हा शब्द वापरला तो मुलांच्या शरीरातले बाक सरळ करण्यासाठी. शिवाय इलियम दोन आहेत. मधे ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असेल तर कमरेचं हाड.

सरावाला एक अवघड शब्द घ्या. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडीप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांब असा ४५ अक्षरांचा शब्द घडवला: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. शेवट ओसिस, म्हणजे बिघाड. त्याआधी कोनि, म्हणजे धूळ. मग ज्वालामुखी, सिलिका, अतिसूक्ष्म, आणि सुरुवातीला न्यूमोनो, म्हणजे फुप्फुस. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म सिलिकाधूळ श्वासावाटे जाऊन होणारा फुप्फुसाचा आजार. डॉक्टर याला साधं सिलिकोसिस म्हणतात. दगडखाणींत आणि खडी फोडणाऱ्या क्रशरवर राबणाऱ्यांना तो होतो, आणि २०२५पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९४८च्या कारखाना कायद्यात, ज्या आजारांची सरकारला खबर देणं बंधनकारक होतं, त्या यादीत तो होता.