महिला उद्योजकांचे कर्जप्रकरण कुठे अडते? या चुका टाळा

लातूरची डाळ, वसमतची हळद किंवा भूमचा खवा यांच्या जोरावर स्वतःचा उद्योग उभा करू पाहणाऱ्या महिलांची कर्जप्रकरणे पुष्कळदा केवळ कामांचा क्रम चुकल्यामुळे अडतात.

सर्वांत महागात पडते ते मंजुरीआधीच यंत्र विकत घेणे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे बँक कर्जासोबत सरकारी अनुदान देणाऱ्या योजनेत, पहिल्या कर्जासाठी उद्योग नवाच असावा लागतो. त्यामुळे उसनवारी करून आधीच सुरू केलेली डाळमिल तेथे अपात्र ठरते. ज्यांचा धंदा चालू आहे, त्यांनी मुद्रा योजनेकडे वळावे. तिच्यात शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते.

दुसरा गैरसमज अनुदानाचा. ग्रामीण भागातील महिलेने रोजगार निर्मिती कार्यक्रमातून ४ लाखांचा प्रकल्प उभारला, तर तिला स्वतःचे ५ टक्के, म्हणजे २० हजार रुपये घालावे लागतात आणि ३५ टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार रुपये अनुदान असते. मात्र ही रक्कम हातात पडत नाही. ती बँकेत तीन वर्षे ठेवीच्या रूपात राहते, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही आणि उद्योगाची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावर ती कर्जखात्यात वळती होते. अनुदान येणारच आहे म्हणून हप्ते थांबवले, तर खाते थकीत होते.

कागदपत्रांत नाव जुळणे महत्त्वाचे आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे आणि आधारवर सासरचे नाव असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत होते. तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत.

घरच्या गरजेसाठी महिलेच्या नावावर उचललेले मायक्रोफायनान्सचे कर्ज थकले, की तो डाग तिच्याच सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर पडतो, मग पैसे कोणीही वापरलेले असोत. हा अन्याय आहे, पण बँक नोंदच पाहते. म्हणून अर्जापूर्वी वर्षातून एकदा मोफत मिळणारा सिबिल अहवाल तपासावा आणि थकबाकी भरून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा दाखला, घ्यावा.

बँकेने तोंडी नकार दिल्यास कारण लेखी मागावे आणि ते पत्र घेऊन जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय पाहणाऱ्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे तक्रार करावी. रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे प्रकरण असल्यास जिल्हा उद्योग केंद्रातही त्याची प्रत द्यावी.