शॅप्स घ्यायचे तर माप खोगिरावर बसून घ्या

घोड्यावर बसताना जीन्सवरून बांधायची, पाय झाकणारी चामडी आवरणं. लिहिताना चॅप्स, पण रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणावर, सगळे म्हणतात शॅप्स. मूळ स्पॅनिश शब्द ‘चापारेरास’. तो आला ‘चापारो’वरून, म्हणजे खुरट्या काटेरी झुडपांवरून. दुकानात शिरताना एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मी चुकीची खरेदी टळते, कारण ही वस्तू काट्यांसाठी जन्माला आलेली आहे.

गेली अकरा वर्षं मी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या दक्षिणेला ओळखीच्यांच्या रँचवर वसंतात आणि पुन्हा शरदात गुरं गोळा करायला जाते. सोलापूर-नगरकडची वेडी बाभूळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते रान परकं वाटणार नाही. तिथला मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचाच जवळचा भाऊबंद. खाली फड्या निवडुंग, मधे वाघनखांसारख्या वाकड्या काट्यांचं कॅटक्लॉ नावाचं झुडूप. वासरू झाडीत घुसलं की घोडा त्याच्यामागे घुसतोच, आणि नुसत्या जीन्सवर असाल तर संध्याकाळी मांड्यांतले काटे मोजत बसावं लागतं.

प्रकार मुलूख पाहून ठरवा. शॉटगन म्हणजे कमरेपासून टाचेपर्यंत दोन सरळ नळ्या, बाहेरच्या बाजूने झिप. वारा आणि थंडी अडवतात, म्हणून वायोमिंग-मोंटानाकडे चांगल्या. (तिथेच पूर्वी कडाक्याच्या हिवाळ्यात अंगोरा बकऱ्याच्या केसाळ कातड्याचे वूलीज वापरत.) बॅटविंग रुंद असतात, मांडीपाशी दोन-तीन बक्कलं किंवा टिचबटणं आणि खाली मोकळे पंख. आत हवा खेळते आणि स्पर (बुटाच्या टाचेवरची, घोड्याला टोचायची आर) न काढता घालता-काढता येतात, म्हणून टेक्सासच्या उन्हात मी तेच वापरते. चिंक्स गुडघ्याच्या थोडं खाली संपतात, पुढे झालर. हे नेवाडा, आयडाहो, पूर्व ओरेगनचे. ज्यांना दिवसभर घोड्यावरून उतरून वासरं धरायची, डागायची, खूर पाहायचे असतात त्यांच्यासाठी याहून सोयीचं काही नाही. पहिलाच जोड घेत असाल आणि तुमच्याकडे दाट काटे नसतील तर चिंक्स घ्या. उगाच लांब शॅप्स घालून जमिनीवर अडखळत फिरू नका.

मोटरसायकलवाल्यांचे शॅप्स स्वस्त मिळतात म्हणून ते घ्या, असा सल्ला मला आजवर अनेकांनी दिला आहे. ऐकू नका. ते वाऱ्यासाठी शिवलेले असतात. आतलं नायलॉनचं अस्तर उन्हात भट्टीसारखं तापतं आणि गुळगुळीत चामडं खोगिरावर घसरतं. पुण्या-मुंबईच्या क्लबात इंग्लिश खोगिरावर शिकत असाल तर तुम्हाला यातलं काहीच नको, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे हाफ चॅप्स पुरतात.

चामड्याची जाडी इथे औंसात सांगतात. १ औंस म्हणजे इंचाचा ६४वा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. कामाच्या शॅप्सना ४ ते ५ औंस घ्या, चिंक्सना थोडं कमी चालतं. कापलेली कड डोळ्यांजवळ धरून पाहा. वरच्या थराचं चामडं कडेला घट्ट आणि एकजीव दिसतं. खालच्या थराचं स्वस्त स्वेड भुसभुशीत असतं, तंतू सुटलेले दिसतात आणि काटा त्यातून सुईसारखा आरपार जातो. खरबरीत बाजू बाहेर असेल तर खोगिरावर पकड येते, गुळगुळीत बाजू बाहेर असेल तर काटे आणि पाणी निसटतं. दोन्ही चालतात. मात्र पाय एकाच तुकड्याचा हवा. गुडघ्याच्या आत शिवण आली की ती दुपारपर्यंत कातडी सोलते.

आता माप. सगळं बिघडतं ते इथेच.

माझा पहिला जोड मी घरी आरशासमोर ताठ उभं राहून, सुती पँटवर टेप लावून मोजला होता. कंबर जीन्सच्या लेबलवरून लिहिली. शिवून आले तेव्हा आरशात सुरेख दिसले. घोड्यावर बसल्याक्षणी मांड्या करकचल्या, गुडघ्यामागे चामड्याची जाड घडी रुतली आणि खालची कड पोटरीच्या मध्यापर्यंत चढली. तीन तासांनी उतरले तेव्हा दोन्ही गुडघ्यांमागे लाल पट्टे होते आणि डाव्या बाजूची कातडी गेली होती. कित्येकशे डॉलरचे ते शॅप्स मी पुढे कधी घातले नाहीत.

चूक शिवणाऱ्याची नव्हती, कारण मी दिलेलं माप त्याने बरोबर शिवलं होतं. माणूस बसला की मांडी पसरते, गुडघा वाकतो आणि कंबर पुढे कलते. ताठ उभ्या माणसाच्या मापात यातलं काहीच येत नाही. बायकांच्या बाबतीत फरक आणखी मोठा पडतो. कंबरेच्या आकड्यावरून तयार साइज निवडला की मांडीला हमखास कमी पडतो.

म्हणून माप असं घ्या. ज्या जीन्सवर काम करता ती, रोजचे बूट आणि पट्टा घाला. खोगिरावर बसा, पाय रिकिबीत ठेवा आणि टेप दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. स्वतःचं माप स्वतः घेऊ नका. वाकलात की आकडा बदलतो. घोडा हाताशी नसेल तर लाकडी घोडीवर खोगीर टाकून बसा. खुर्ची चालणार नाही, कारण खुर्चीवर मांड्या फाकत नाहीत. मांडी वर, जिथे सर्वांत भरते तिथे मोजा. गुडघा वाकलेला असतानाच मोजा. पोटरी बुटाच्या नळीवरून मोजा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा आकडा लिहा.

कंबरेचा घेर तेवढा उभं राहून, पण शॅप्सचा पट्टा खरोखर बसतो तिथे, म्हणजे जीन्सच्या पट्ट्याच्या खाली, कुल्ल्यांच्या हाडांवर. हा आकडा जीन्सच्या साइजपेक्षा बराच जास्त येतो. घाबरू नका, तोच लिहा.

लांब शॅप्सची लांबी पट्ट्याच्या जागेपासून बाहेरच्या बाजूने थेट टाचेपर्यंत घ्या. उभं असताना ते किंचित लांब वाटले पाहिजेत, नवे असताना तर नक्कीच. पुढे गुडघ्यामागे सुरकुत्या पडतात आणि खालची कड वर सरकते. रुंदीचं उलट असतं. घाम आणि उष्णतेने चामडं आडवं सैल होतं, म्हणून मांडीला नवा जोड अंगासरशी हवा. पंजा सपाट आत सरकला पाहिजे, मूठ मावायला नको.

घेण्याआधी दुकानात उकिडवे बसा, मग एक पाय कंबरेएवढ्या उंचीच्या फळीवर ठेवा. दुकानदार पाहत असला तरी करा. पुढचा जुवा, म्हणजे कमरेवरचा रुंद चामडी पट्टा, पोटात रुतत असेल तर परत द्या. पोटाच्या ठिकाणी चामडं सैल होऊन मदत करत नाही.

त्या जुव्याचे दोन भाग पुढे जिथे जोडलेले असतात तिथे नीट पाहा. बक्कल मागे, पाठीशी असावं. पुढे फक्त बारीक चामड्याची वादी असावी, जोराने ओढली तर तुटेल अशी. पहिल्या वर्षी माझी वादी वारंवार सुटायची, म्हणून मी तिथे नायलॉनची दोरी बांधली. रँचवरच्या म्हाताऱ्या वकेरोने, म्हणजे घोडेस्वार गुराख्याने, ती पाहिली, काही न बोलता चाकूने कापली, स्वतःच्या खिशातली वादी ओवून गाठ मारली आणि मग म्हणाला, “पोरी, पडायचं असेल तेव्हा पड. घोड्याला बांधून घेऊन पडू नकोस.”

दोन वर्षांनी ओढ्याच्या काठावर माझ्या घोड्याचा पुढचा पाय घसरला. मी पुढे फेकले गेले आणि शॅप्सचा पुढचा भाग खोगिराच्या हॉर्नवर, म्हणजे पुढच्या खुंटीवर, अडकला. वादी तुटल्याचा टक असा आवाज मला आजही ऐकू येतो. खांदा महिनाभर दुखला, पण मी जमिनीवर होते आणि घोडा माझ्याशिवाय पळाला. पुढे बक्कल असलेले शॅप्स कितीही देखणे असले तरी घेऊ नका. वादी झिजली की त्याच जाडीची नवी घाला, जाड नको.

झिप पितळी आणि जाड, वर झाकणारी पट्टी. भिजले तर सावलीत टांगून वाळवा, शेगडीजवळ कधीच नाही.

नवे शॅप्स घालून लगेच घोड्यावर चढू नका, विशेषतः बॅटविंग. पंखांच्या फडफडीने शांत घोडाही उधळतो. आधी शॅप्स हातात घेऊन त्याला हुंगू द्या, खांद्यावर, पाठीवर, फऱ्यावर हळूहळू घासा. मग ते घालून त्याच्या आजूबाजूला चाला, मुद्दाम फडफडवा. कान सैल पडून तो पुन्हा चाऱ्याकडे वळला की मगच रिकिबीत पाय घाला.