यंदा फुलपाखरं खरंच कमी झाली का? नोंदी ठेवताना या चुका टाळा

"यंदा फुलपाखरं दिसलीच नाहीत," असं दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतंच. म्हणणारा उगाच बोलत असतो असंही नाही. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हौशी कीटक-अभ्यासकांनी ६३ संरक्षित जागांवर २७ वर्षांच्या काळात सापळे लावून उडणारे कीटक गोळा केले. २०१७ मध्ये त्याचं विश्लेषण प्रसिद्ध झालं, तेव्हा कीटकांचं एकूण वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटल्याचं दिसलं. त्या आकड्याला किंमत आली ती सापळा एकाच बनावटीचा आणि पद्धत ठरलेली होती म्हणून. परसबागेतल्या नोंदींत नेमकी हीच गोष्ट राहून जाते. मग कीटक बदलले की आपलं बघणं बदललं, हे कळायला मार्गच उरत नाही.

दिसलं तेवढंच लिहिणं

सगळ्यात मोठी चूक ही. काही छान दिसलं की फोटो काढायचा, तारीख टाकायची आणि बाकी दिवस वही बंद. अशा वहीत फुलपाखरं नसलेला दिवस आणि आपण बाहेरच न पडलेला दिवस, दोन्ही सारखेच कोरे. दोन वर्षांनी फरक शोधायला बसलात तर काय तुलना करणार? "१५ मिनिटं बसलो, एकही नाही" ही ओळ लिहायला कंटाळवाणी वाटते, पण वहीतली सगळ्यात कामाची ओळ तीच. फोटोवरून ओळख पटवणारी ॲप्स नावासाठी उत्तम आहेत. मात्र तिथे फोटो वाढले म्हणजे कीटक वाढले असं नाही. कदाचित तुमचा फोन नवा असेल.

वाटेल तेव्हा मोजणं

फुलपाखरू उन्हात अंग तापवून मगच नीट उडतं. ढगाळ सकाळी मोजलेली संख्या आणि लख्ख उन्हात मोजलेली संख्या शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये अर्नी पोलार्ड यांनी १९७० च्या दशकात यासाठी साधी रीत घालून दिली: वाट ठरलेली, हंगामभर दर आठवड्याला एक फेरी, चाल संथ, आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर व समोर ५ मीटर एवढ्यातलंच मोजायचं. तापमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर मोजणीच नाही. १९७६ पासून तिथली देशव्यापी मोजणी याच रीतीवर चालली आहे. उष्ण प्रदेशात अडचण उलटी असते. भर दुपारी बरीच फुलपाखरं सावलीला जातात, म्हणून तिथे सकाळचा उत्तरार्ध बरा.

घरामागे एवढी वाट नसते, हरकत नाही. बसायची जागा, वेळ आणि मिनिटं पक्की करा. मधमाश्या, माश्या, भुंगेरे यांच्यासाठी ५० बाय ५० सेंटिमीटरचा फुलांचा एकच तुकडा १० मिनिटं पाहावा आणि फुलांवर बसलेले कीटक मोजावेत. फूल कोणतं आणि किती उमलली होती हेही लिहावं, नाहीतर फुलं दुप्पट झाल्याचं श्रेय आपण कीटकांना देऊन बसतो.

ओळखीतली गडबड

इथे जरा थांबू, कारण वर्षावर्षांतला खोटा फरक बहुधा इथूनच शिरतो. प्लेन टायगर हे केशरी फुलपाखरू रुईच्या चिकातलं विष अळीपणीच अंगात साठवतं, म्हणून पक्षी त्याला टाळतात. डॅनिड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याचंच रूप घेते. दोन्ही केशरी, दोन्हींच्या पुढच्या पंखांची टोकं काळी-पांढरी. फरक मागच्या पंखावर: प्लेन टायगरच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला ते नसतात. एगफ्लायचा नर तर काळा, पांढऱ्या डागांचा, अगदीच वेगळा दिसतो. कॉमन इव्हनिंग ब्राउनची तऱ्हा आणखी न्यारी. पावसाळ्यात त्याच्या पंखांखाली डोळ्यांसारखी ठसठशीत वर्तुळं असतात, कोरड्या दिवसांत तेच फुलपाखरू वाळक्या पानासारखं दिसतं. नवखा माणूस एकाची दोन करतो.

उपाय सोपा आहे. नाव नक्की नसेल तर "लहान निळं", "मोठं काळं" असे गट लिहा, आणि पुढे जाती ओळखू यायला लागल्या तरी गटांचे आकडे चालू ठेवा. नाहीतर तिसऱ्या वर्षी जाती वाढल्यासारख्या वाटतील, आणि वाढलेली असेल ती फक्त तुमची ओळख. फुलांवर घिरट्या घालणाऱ्या पट्टेदार माश्या मधमाश्यांत मोजू नका. माशीला दोन पंख आणि आखूड मिशा, मधमाशीला चार पंख.

दोन वर्षांवरून निकाल

गेल्या वर्षी चाळीस, यंदा पंधरा, म्हणजे ऱ्हास? इतक्यात नको. अळ्या फार झाल्या की त्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्याही वाढतात आणि पुढच्या पिढीला झोडपतात. पेंटेड लेडीसारखी स्थलांतर करणारी फुलपाखरं एखाद्या वर्षी लोंढ्याने येतात. त्याचं कारण कुठेतरी दूर पडलेल्या पावसात असतं, तुमच्या झेंडूत नाही. पाच-सहा वर्षांचे आकडे हाती येईपर्यंत फक्त लिहीत राहावं. आणि पाऊस तीन आठवडे उशिरा आला असेल तर तारखेला तारीख न लावता पहिल्या पावसापासूनचे आठवडे जुळवून पाहावेत.

बाग बदलली हे विसरणं

लिंबाची छाटणी केली की कोवळी पालवी फुटते आणि लाइम बटरफ्लायच्या माद्या अंडी घालायला तिथेच येतात. त्या वर्षी अळ्या वाढल्या तर कारण तुमची कात्री. झाडाची सावली वाढणं, शेजारी नवा दिवा लागणं (पतंगांची मोजणी यानेच बिघडते), फवारणी, हे सगळं त्याच वहीत, तारखेसह हवं.

अंडी दिसतात, अळ्या टिकत नाहीत

एकेक अळी रोज कमी होत असेल तर मुंग्या, कोळी, पक्षी यांचं काम समजा, ते चालायचंच. पण नव्याने विकत आणलेल्या रोपावरच्या सगळ्या अळ्या एकदम सुस्तावून काळ्या पडत असतील, तर शंका कीटकनाशकाची घ्यावी. नर्सरीत दिलेली काही औषधं झाडाच्या रसात भिनतात, पानं धुतली तरी जात नाहीत आणि कित्येक महिने टिकू शकतात. असं रोप बाजूला ठेवून त्यावरची मोजणी वेगळी लिहा, आणि अळ्या ज्यांची पानं खातात ती झाडं शक्यतो बियांपासून किंवा आपल्याच बागेतल्या फांदीपासून वाढवा.