छोट्या जातीचे पिल्लू आणि घरातली लहान मुले: आणण्याआधीची तयारी

माझ्या धाकट्या जावेकडे पुढच्या महिन्यात पॉमेरेनियनचे पिल्लू येणार आहे आणि तिची मुले पाच व तीन वर्षांची आहेत. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे असेच पिल्लू आले, तेव्हा मीही निगुतीने यादी केली होती. गादी, वाट्या, खाणे, लशींचे कार्ड, सगळे जय्यत होते. तरीही तिसऱ्याच आठवड्यात पिल्लाचा पुढचा पाय मोडला, तेव्हा जे राहून गेले होते त्यापासूनच ही यादी सुरू करते.

पिल्लू मांडीवर घ्यायचे असेल तर मुलाने आधी जमिनीवर बसावे. सोफा नाही, दिवाण नाही, पलंग नाही, जमीन. पिल्लाला घेऊन पळायचे नाही, एवढे मी मुलांना बजावले होते आणि त्यांनी ते पाळलेही होते. सहा वर्षांचा माझा मुलगा दिवाणावर शहाण्यासारखा मांडी घालून बसला होता, पिल्लू त्याच्या मांडीत पेंगत होते आणि मी दहा पावलांवर स्वयंपाकघरात होते. कुकरची शिट्टी झाली, पिल्लू दचकले आणि मांडीतून थेट फरशीवर गेले. उंची जेमतेम दीड फूट होती. ते एकदाच केकाटले आणि तीन पायांवर उभे राहिले. चौथा पाय पंजाच्या थोडा वर वाकडा होऊन लोंबत होता.

किलोभर वजनाच्या पिल्लाच्या पुढच्या पायाचे हाड पेन्सिलीहून बारीक असते, त्यातच पंजाच्या वरच्या भागात हाडाभोवती मांस नसल्यासारखेच आणि रक्तपुरवठाही तुटपुंजा असल्यामुळे, या जातींत नुसत्या प्लास्टरने ते नीट सांधेल याचा भरवसा नसतो. आमच्या पिल्लाला भूल देऊन प्लेट आणि स्क्रू बसवावे लागले आणि पुढचे दोन महिने त्याला पिंजऱ्यात ठेवताना घरात रोज रडारड झाली. मुलगा त्या रात्री जेवला नाही. त्याला सांगितलेले त्याने सगळे पाळले होते. सांगायचे राहिले होते ते माझ्याकडून.

तेव्हा हॉलमध्ये भिंतीलगत एक चटई अंथरावी आणि पिल्लाला भेटायची तीच जागा ठरवावी. मुलाने पाठ भिंतीला टेकून बसावे, पिल्लाने आपण होऊन यावे, आणि जायचे म्हटले की त्याला जाऊ द्यावे. पाच वर्षांच्या आतील मुलाने पिल्लू उचलूच नये. मोठ्यांनी उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली धरावा; पुढचे दोन पाय धरून वर ओढणे मुले एकमेकांचे पाहून शिकतात, ते पहिल्याच दिवशी मोडून काढावे. हाच नियम शेजारच्या मुलांना, पाहुण्यांच्या मुलांना आणि कौतुकाने पिल्लू मांडीवर घेऊन सोफ्यावर बसणाऱ्या आजोबांनाही लागू आहे. आजोबांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर त्यांनी खुर्चीतून हात खाली सोडून पिल्लाला कुरवाळावे.

आपल्या पिढीचा इथे एक गैरसमज आहे. लहानपणी वाड्यात किंवा चाळीत आपण ज्याला पामेरियन म्हणत होतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असे. पाच किलोंच्या वरचा, जिन्यावरून गडगडला तरी अंग झटकून उठणारा. आताचा खरा पॉमेरेनियन पूर्ण वाढल्यावरही साधारण दीड ते सव्वातीन किलोंचा भरतो. ‘आम्ही नाही का सांभाळला’ असे कोणी म्हटले तर आधी वजन विचारावे.

दुसरी मोठी बाब खाण्याची. इतक्या लहान जिवाच्या अंगात साखरेचा साठा फारसा नसतो, त्यामुळे मुले दुपारभर त्याच्याशी खेळत राहिली आणि त्याचे एक जेवण हुकले तर ते गळून जाते, लडखडते, थरथरते, प्रसंगी झटकेही येतात. चार महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे आणि कोणी कधी भरवले ते फ्रिजवरच्या कागदावर लिहावे. पिल्लू गळाले तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी बोटाने चोळून तडक डॉक्टरांकडे न्यावे. शुद्ध नसताना तोंडात काहीही ओतू नये. झोपेतल्या पिल्लाला खेळण्यासाठी उठवू नये, कारण या वयात ते दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच काढते.

मुलांच्या हातातून खाली पडणारे खाणे हे वेगळेच प्रकरण आहे. चॉकलेट सर्वांना ठाऊक असते; पण द्राक्षे, मनुका आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात हे ठाऊक नसते, आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यात व दिवाळीच्या चिवड्यात तेच असतात. कांदा-लसूण घातलेली भाजी नको आणि झायलिटॉल असलेले साखरविरहित च्युइंगमही नको. खोडरबर, बटणासारखे सेल आणि केसांच्या क्लिपा संध्याकाळी मुलांकडूनच गोळा करून घ्याव्यात.

घरात गॅलरीच्या गजांना खालपासून दोन फूट बारीक जाळी लावावी, कारण मांजर अडते तिथून हे पिल्लू आरपार जाते. दारे धाडकन लावणे बंद करावे. हॉलमध्ये झोपाळा असेल तर पिल्लू मोकळे असताना त्याची कडी काढून ठेवावी. झोपाळ्यावर पिल्लाला घेऊन बसणे म्हणजे माझ्या दिवाणाहून वाईट. पुन्हा सांगते: जमिनीवर.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आणू नये. लशी १६ आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात. जंतांचे औषध वेळेवर द्यावे, कारण गोलकृमी मुलांनाही होतात. पिल्लाचा दात किंवा नख लागून मुलाला ओरखडा आला, तर घरचेच पिल्लू म्हणून सोडून न देता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांना दाखवावे. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांची झाल्यावर मिळते, हे तेव्हा लक्षात असू द्यावे.

फिरायला नेताना गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्यावा. श्वासनलिका नाजूक असते. फटाक्यांच्या दिवसांत आतली खोली. बाकीचे डॉक्टर सांगतीलच.

आणि एवढे करूनही पाय दुखावलाच, तर तो ओढून पाहू नये, तेल चोळू नये, घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. टॉवेल घातलेल्या खोक्यात ठेवून न्यावे, आणि गाडीत ते खोके मुलाच्या मांडीवर न ठेवता मागच्या सीटखाली, पायांपाशी ठेवावे.