लाइट बिल आणि दुपारची स्वस्त वीज: हिशेब कसा लावायचा

बिल आलं की खालची रक्कम बघून कपाळाला हात लावू नका. आधी वापरलेले युनिट बघा, मग वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार या ओळी वाचा. कोळसा महाग झाला किंवा बाहेरून महाग वीज घ्यावी लागली, की इंधन समायोजनाची ओळ फुगते. तिथे तुमच्या हातात काही नाही. हातात आहे ते दोनच: किती युनिट आणि किती वाजता.

'किती वाजता'चं सांगतो, कारण कोयनेच्या पोफळी जलविद्युत केंद्रात मी नोकरी केली. दिवेलागणीला कळव्याच्या लोड डिस्पॅचचा, म्हणजे राज्यात कुठून किती वीज घ्यायची ते ठरवणाऱ्या केंद्राचा, फोन यायचा, "मशीन घ्या," म्हणजे सुरू करा. पाण्यावर फिरणारं आमचं पेल्टन टर्बाइन काही मिनिटांत लोड घेतं; कोळशाच्या थंड पडलेल्या संचाला तासन् तास लागतात. पण कोयनेचं पश्चिमेकडे सोडायचं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) एवढंच, 1 जूनपासून वर्षभर पुरवून वापरायचं. आता दुपारी सोलरची वीज भरपूर असते. सूर्य मावळतो नेमका तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सुरू होतात. म्हणून संध्याकाळचा युनिट महाग पडतो.

त्यामुळेच 1 जुलै 2025 पासून महावितरणच्या टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणाऱ्या) मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटला 80 पैशांपासून सवलत सुरू झाली. आधी तुमचा मीटर टीओडीचा आहे का बघा. डिस्प्लेवर आकडे फिरतात त्यात वेळही येते. ती घड्याळाशी जुळवा. चुकत असेल तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

मग पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, दळणाची घरगुती चक्की दुपारी लावा. दीड एचपीची मोटर तासाला साधारण सव्वा युनिट खाते, म्हणजे तासामागे रुपयाची बचत. महिन्याला 60 युनिट दुपारी सरकवले तरी 48 रुपये. एवढ्यासाठी नवीन काही विकत घेऊ नका. पहाटे अंघोळ करणाऱ्यांनी गीझरचा हिशेब सोडूनच द्यावा.

खरे पैसे स्लॅबमध्ये आहेत. महिन्याला 100 च्या वरच्या युनिटचा वीज आकार जवळपास दुप्पट लागतो, पण फक्त वरच्याच युनिटना; पहिले 100 जुन्याच दराने. म्हणून बिल 140 युनिटचं असेल तर वरच्या 40 च्या मागे लागा. जुना पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास फिरणारा एक बदलला की महिन्याला 16 युनिट सुटतात. तीन बदलले की ते 40 गेलेच. बैठकीतला, पाहुण्यांपुरता लागणारा पंखा मात्र आहे तसाच राहू द्या.

छतावर सोलर बसवायचं असेल तर सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. पण आधी वर्षभराची बिलं काढून उन्हाळ्यातले आणि थंडीतले युनिट वेगळे मांडा, मगच एजन्सीवाल्याला घरी बोलवा.